ज्या इमारतीला विरोध केला, तिलाच जोतीरावांचे नाव!

पुण्याला गेलेला आपला माणूस मंडईचा चौक पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. शुक्रवार पेठेतली ती भव्य दगडी इमारत, मधोमध उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या आजूबाजूला भाजीचे गाळे. इमारतीचे नाव आहे महात्मा फुले मंडई. कोथिंबिरीची जुडी घेताना घासाघीस करणाऱ्या किती जणांना या नावामागची कहाणी ठाऊक आहे?

पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. ऊन असो, पाऊस असो, माळणी तिथेच बसत. पुढे नगरपालिकेने पक्की मंडई बांधायचे ठरवले. १८८६ साली ती खुली झाली. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला 'रे मार्केट' म्हणू लागले.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईवर लाखांच्या घरात खर्च करण्याला त्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना बाजाराचे वावडे होते असे कोणी समजू नये. फुलांच्या धंद्यावरूनच त्यांच्या घराण्याला 'फुले' हे आडनाव पडले. त्यांचा प्रश्न साधा होता : तिजोरीत पैसा मोजकाच असेल, तर आधी काय? दगडी मनोरा की पोरांची शाळा? १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देतानाही त्यांनी हेच मांडले की, सरकारी खजिना कष्टकऱ्यांच्या घामावर भरतो, तर त्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीने मिळालेच पाहिजे.

त्या वेळी जोतीरावांचे कोणी ऐकले नाही. मंडई उभी राहिली. १८९० साली जोतीराव गेले. पुढे १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना 'रे मार्केट'ची 'महात्मा फुले मंडई' झाली. याच अत्र्यांनी पुढे 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला आणि १९५४ साली त्याच्या मुहूर्ताला बाबासाहेब जातीने हजर राहिले. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू, असे बाबासाहेब सांगत, हे आपण जाणतोच.

घाऊक बाजार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तरी किरकोळ भाजी आजही मंडईत मिळते. २०२४ पासून चौकाखालून भुयारी मेट्रोही धावते. इमारत भक्कम आहे, आणि आनंद आहे.

पण मंडईपासून चालत थोड्याच वेळात भिडे वाडा लागतो. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. तो वाडा मात्र वर्षानुवर्षे पडझडीत आणि कोर्टकचेरीत राहिला. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडावा लागला. बाजाराची इमारत टिकली, शाळेची टिकली नाही. जोतीरावांचा प्रश्न आजही तिथेच उभा आहे.

तेव्हा माता-भगिनींनो, पुण्याला गेलात तर मुलांना मंडई जरूर दाखवा. तिथून त्यांचे बोट धरून भिडे वाड्याच्या जागेपर्यंत चालत जा. आणि घरी आल्यावर आपल्या संसाराच्या तिजोरीलाही तोच प्रश्न विचारा : आधी काय?