जुन्या टर्बो डिझेल व्हॅनचे इंजिन तापते तेव्हा

माल बाजारात नेणारी जुनी टर्बो डिझेल व्हॅन घाटात तापली की पाणी ओतून पुढे जाण्याकडे चालकांचा कल असतो. परंतु तापणे हे लक्षण होय, रोग नव्हे. इंजिन केव्हा तापते, यावरून दोषाचा माग बहुधा लागतो.

गाडी उभी असता तापत असेल व वेगात निवत असेल, तर पंखा तपासावा. टर्बोमुळे इंजिनात अधिक इंधन जळते. म्हणून ओझ्यासह चढताना उष्णताही वाढते. केवळ अशा वेळीच इंजिन तापत असल्यास रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून धुळीने चोंदला असण्याचा संभव असतो. इंजिन तापूनही रेडिएटरची खालची नळी थंडच राहिल्यास थर्मोस्टॅटही पहावा. बाहेर गळती नसता पाणी घटणे, थंड इंजिन सुरू करताच थोड्या वेळात नळ्या टणक होणे व पाण्यात सतत बुडबुडे येणे, ही हेड गॅस्केट फुटल्याची चिन्हे होत. अशी गाडी चालवू नये.

झाकणाकडेही दुर्लक्ष करू नये. वातावरणापेक्षा सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर अधिक दाबाखाली पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. झाकण सैल असल्यास ते १०० अंशांच्या सुमारासच उकळते.

तापलेल्या इंजिनचे झाकण उघडल्यास अंग भाजते, व थंड पाणी ओतल्यास हेड तडकण्याचा धोका असतो. म्हणून काटा चढताच गाडी थांबवून इंजिन पूर्ण निवू द्यावे. वेळीच थांबल्यास एखादी नळी किंवा झाकण बदलून भागते. न थांबल्यास संपूर्ण इंजिनाचा खर्च अंगावर पडतो.