सही करण्यापूर्वी

भर पावसात म्हैस मरते. डॉक्टर पोहोचेपर्यंत पोट फुगलेलं असतं आणि मांस सडायला लागलेलं. घटसर्प होता की नव्हता, हे आता ठरवायचं कसं? अशा वेळी पशुवैद्यक तिच्या पायाचं एक लांब हाड काढतात, वरचं मांस खरवडतात आणि ते बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेकडे पाठवतात. बाकीचं शरीर कुजत असलं तरी हाडातली मज्जा काही काळ बंदिस्त राहते. घटसर्पाचा जिवाणू, पाश्चुरेला मल्टोसिडा, तिथून वाढवता येतो. रंग दिलेल्या काचेवर तो दोन्ही टोकांना गडद दिसतो, सेफ्टी पिनसारखा.

महाराष्ट्रात असे नमुने शेवटी जिथे पोहोचतात ती जागा म्हणजे पुण्यातल्या औंधचा रोग अन्वेषण विभाग. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची ही मुख्य प्रयोगशाळा. केंद्र सरकारच्या रचनेत तीच पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळाही आहे, त्यामुळे गोवा आणि गुजरातचं कामही तिच्याकडे येतं. 2019 च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 3 कोटी 30 लाख पशुधन आहे, आणि कोंबड्या त्यात धरलेल्या नाहीत. पुण्याचा या विषयाशी संबंध जुना आहे. देशातली पहिली सरकारी पशुरोग प्रयोगशाळा, इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, 1889 मध्ये इथेच, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात सुरू झाली. चार वर्षांत ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. औंधची प्रयोगशाळा तिची वारस नव्हे, पण गाव तेच.

अशी प्रयोगशाळा चालवणाऱ्या अधिकाऱ्याचं काम नेमकं काय? लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक येतो. खरं तर प्रमुखाचा दिवस सुरू होतो नमुने उतरवून घेण्याच्या टेबलावर. तिथे जे येतं त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, आणि जे येतं ते बरेचदा वाईट अवस्थेत असतं. विषाणू शोधायचा म्हणून पाठवलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला असतो. त्यात जिवंत काही उरत नाही. उतींच्या तपासणीसाठी हवं असलेलं यकृत बर्फात गोठवून येतं. पेशी फाटलेल्या असतात, पाहण्यासारखं काही राहत नाही. रक्तजलाची नळी खाचखळग्यांतून हादरे खात आल्याने आतलं रक्त विरघळून लाल पाणी झालेलं असतं. आणि सोबतच्या पत्रावर एवढंच: ‘जनावर मयत, कारण कळवावे.’ किती जनावरं आजारी पडली, किती मेली, लसीकरण कधी झालं, चाऱ्यात काही बदल झाला का, यातलं काहीच नाही. कोवळ्या ज्वारीची किरळ लागून गुरं मेली असतील, तर पोटातला चारा लगेच हवाबंद करून आणावा लागतो. जिवाणूंच्या शोधात दोन दिवस घालवले तर हायड्रोसायनिक आम्ल उडून जातं. प्रयोगशाळा विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देते. म्हणून चांगला प्रमुख पत्र वाचून आधी फोन उचलतो.

एखाद्या प्रयोगशाळेचा दर्जा जोखायचा असेल तर मी यंत्रांची यादी मागणार नाही. परत पाठवलेल्या नमुन्यांची नोंदवही मागेन. ती कोरी असेल, तर एक तर तालुक्यातले सगळे डॉक्टर आदर्श आहेत, किंवा प्रयोगशाळा कशावरही काहीही लिहून देते.

काळपुळीच्या बाबतीत तर निर्णय शेतातच होतो. धडधाकट जनावर अचानक कोसळलं, नाका-तोंडातून, गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त आलं, शरीर नेहमीसारखं ताठलं नाही, तर शवविच्छेदन करायचं नाही, हा नियम आहे. मृतदेह उघडला की जिवाणूला हवा मिळते, तो बीजाणू तयार करतो, आणि ते बीजाणू त्या मातीत अनेक दशकं टिकतात. म्हणून फक्त कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचेवर पसरायचा. पॉलिक्रोम मिथिलीन ब्लूने रंगवलं की निळ्या दांड्यांभोवती गुलाबी आवरण दिसतं. 1903 मध्ये मॅकफेडियन यांनी वर्णन केलेली ही खूण आजही चालते, आणि तिला काही मिनिटं पुरतात. मृतदेह खोल खड्ड्यात चुन्यासह पुरायचा की नाही, गावाला लस टोचायची की नाही, हे त्या एका काचेवर ठरतं. हाड काढण्याच्या आधीही हीच काच पाहिलेली असायला हवी.

आतल्या खोल्यांमध्ये शिस्त वेगळ्या प्रकारची. एलायझा चाचणीच्या ताटलीला 96 खळगे. त्यांतले काही ठरलेल्या निकालांच्या नमुन्यांसाठी राखून ठेवतात: हा होकारार्थी यायलाच हवा, हा नकारार्थी यायलाच हवा. ते चुकले की बाकीचे आकडे कितीही सुंदर दिसोत, सगळी ताटली बाद. पीसीआरमध्ये मिश्रण एका खोलीत, नमुना दुसऱ्या आणि यंत्र तिसऱ्या खोलीत, आणि माणसांनी एकाच दिशेने चालायचं, कारण आधीच्या निकालातला एक कणही पुढचा निरोगी नमुना रोगी ठरवू शकतो. महागडं किट वाया गेलं म्हणून तंत्रज्ञ हळहळतो, वरून फोन येत असतात, आणि ‘पुन्हा करा’ हे दोन शब्द प्रमुखाला उच्चारावे लागतात. या पदाचं निम्मं कसब एवढ्यातच आहे.

उरलेलं निम्मं म्हणजे कधी बोलायचं नाही, हे कळणं. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात कोंबड्या मरू लागल्या. मानमोडी आणि बर्ड फ्लू यांची लक्षणं इतकी सारखी असतात की नुसत्या डोळ्यांनी फरक करता येत नाही. एच5एन1 ची खात्री भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने केली, आणि देशातला हा पहिला नोंदलेला प्रादुर्भाव ठरला. तिथून पुढे लाखो पक्षी मारले गेले, अंडी आणि कोंबडीचा बाजार देशभर कोसळला. फेब्रुवारी 2021 मध्ये नवापुरावर तीच वेळ पुन्हा आली. राष्ट्रीय आराखड्यानुसार आज बाधित जागेभोवती 1 किलोमीटरमधले पक्षी मारतात आणि 10 किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवतात. त्या वर्तुळातल्या शेतकऱ्याचं वर्षाचं गणित एका ओळीच्या अहवालाने मोडतं. त्यामुळे ‘बहुधा तेच आहे’ असं खात्याच्या प्रयोगशाळेने बोलून चालत नाही. नमुना तिहेरी वेष्टनात भोपाळला जातो, आणि पत्रकारांनी कितीही विचारलं तरी तोवर गप्प बसावं लागतं.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूच्या बाबतीत मात्र गप्प बसणं गुन्हा ठरेल. अहवाल येईपर्यंत कुत्रा चावलेल्यांनी लस थांबवू नये, हे नमुना घेऊन आलेल्या माणसाला तिथेच सांगावं लागतं.

प्रयोगशाळेतल्या माणसांचीही काळजी असते. ब्रुसेला हा जिवाणू प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना होणाऱ्या संसर्गांत जगभर आघाडीवर आहे. गाभडलेल्या गाईचा वार हाताळणारा परिचर आणि जिवाणू वाढवणारा तंत्रज्ञ, दोघांनाही तो महिनोन्महिने ताप देऊ शकतो. जैवसुरक्षा कपाटाची तपासणी लांबली, तर काम थांबवणं हाच मार्ग. बाकी निविदा, मुदत संपत आलेली किट, रिक्त पदं, मार्चअखेरची घाई, वीज गेल्यावर उणे 80 अंशांच्या फ्रीजरची धास्ती: सरकारी कचेरी ज्याने पाहिली आहे त्याला ते सांगायला नको.

सगळ्यात कंटाळवाणं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं: रक्तजल सर्वेक्षण. लाळ खुरकूतची लस टोचण्याआधी आणि टोचल्यावर महिनाभराने त्याच जनावरांचं रक्त तपासलं, तरच लस खरंच लागू पडली का ते कळतं. वेगळ्या एलायझाने हेही कळतं की प्रतिपिंडं लसीची आहेत की रोग होऊन गेल्याची. बातमीत यातलं काही येत नाही. पण बुळकांडी याच वाटेने गेली. लस थांबवल्यावर वर्षानुवर्षं रक्त तपासून ‘रोग उरलेला नाही’ हे सिद्ध करावं लागलं, तेव्हा 2006 मध्ये भारत आणि 2011 मध्ये सारं जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. नसलेला रोग शोधत राहणाऱ्या माणसांचं ते श्रेय आहे.

तुमच्या गोठ्यातलं जनावर अचानक मेलं, तर ते उघडू नका, ओढ्यात टाकू नका, कातडी काढायला देऊ नका. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या कायद्याने अनुसूचित रोगाची नुसती शंका आली तरी गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणं मालकावर बंधनकारक आहे. 1962 या क्रमांकावर फोन करा, आणि डॉक्टर आले की जनावराने शेवटचं काय खाल्लं, ते आधी सांगा.