पिल्लांचा बॉक्स घरी येण्याआधी



सुधारित गावरान कोंबडीपालन सुरू करायचं म्हटलं की प्रश्न ठरलेले असतात. पिल्लं कुठं मिळतील? अनुदान किती? माल घेणार कोण? पण एक दिवसाचं पिल्लू घरी आणल्यावर पहिले दहा दिवस ते ठेवायचं कशात, हे फार थोडे जण विचारतात. आणि नवीन माणसाचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा याच दहा दिवसांत. म्हणून आज फक्त तयारीबद्दल बोलू, तेही 100 पिल्लांची पहिली बॅच डोळ्यासमोर ठेवून.

आधी एक गोष्ट समजून घ्या. अंड्यातून निघालेलं पिल्लू 35-40 ग्रॅमचं असतं. अंगावर नुसती लव, पिसं नाहीत. स्वतःच्या शरीराची ऊब त्याला स्वतः धरून ठेवता येत नाही. आपल्या घरची खुडूक कोंबडी दहा-बारा पिल्लं पंखाखाली घेऊन बसायची, तिच्या अंगाच्या उबेवर ती जगायची. तुम्ही हॅचरीतून 100 पिल्लं आणता तेव्हा आई सोबत येत नाही. आईचं काम तुम्हाला करायचंय, त्यालाच ब्रूडिंग म्हणतात. पोटात अंड्यातला थोडा पिवळा बलक शिल्लक असतो, त्याच्यावर पिल्लू दोन-तीन दिवस काढतं. म्हणून तर ते बॉक्समधून इतक्या लांब प्रवास करू शकतं. पण ही शिदोरी संपायच्या आत त्याला ऊब, पाणी आणि दाणा, तिन्ही सापडलं पाहिजे.

आता पैशाचं बघा. समजा पिल्लू 30 रुपयांना पडलं आणि पहिल्या आठवड्यात 20 पिल्लं गेली. तुम्ही म्हणाल, सहाशे रुपये गेले, ठीक आहे. तसं नाही. ती 20 पिल्लं तीन महिन्यांनी कोंबड्या होऊन विकायची होती. समजा नग 350 रुपयांनी गेला असता, तर 7000 रुपयांची विक्री गेली. शेड तेवढंच, तुमची मेहनत तेवढीच, फक्त गल्ला कमी. वरचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातला आजचा दर घालून हे गणित वहीत एकदा करा. मग कळेल की खर्च आधी कुठं करायचा. लोक शेडला रंगीत पत्रा टाकतात आणि दीड-दोनशेचा थर्मामीटर घेत नाहीत. मला हे उलटं वाटतं.

ऊब: इथं कंजूषी नको

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर 95 अंश फॅरनहाइट, म्हणजे 35 अंश सेल्सिअस तापमान लागतं. नंतर दर आठवड्याला 5 अंश फॅरनहाइट कमी करत जायचं. दुसऱ्या आठवड्यात 90, तिसऱ्यात 85, असं बाहेरच्या हवेशी जुळेपर्यंत. थर्मामीटर भिंतीला टांगू नका. गादीपासून दोन इंच वर, पिल्लू जिथं बसणार तिथं धरा.

उबेसाठी ढोबळ हिशोब पिल्लामागे 2 वॅटचा. 100 पिल्लांना 200 वॅट, म्हणजे 100 वॅटचे दोन बल्ब. इथं एक ठेच हमखास लागते. दुकानात गेलं की एलईडी बल्ब हातात देतात. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. आपल्याला साधा पिवळा, तारेचा बल्ब पाहिजे. तो हल्ली सगळीकडे मिळत नाही, म्हणून पिल्लांची तारीख ठरायच्या आधी शोधून ठेवा आणि दोन जादा घ्या, कारण तो उडतो तो रात्रीच. नाहीतर पोल्ट्रीच्या सामानाच्या दुकानातून इन्फ्रारेड दिवा घ्या. बल्ब गादीपासून फूट-दीड फूट वर, खालीवर करता येईल असा टांगा. वायर पक्की बांधा. भुशावर गरम बल्ब पडला तर शेड पेटायला वेळ लागत नाही.

आता लाईटचं. परळीत वीज तयार होते म्हणून बीड जिल्ह्यात लाईट जात नाही असं कुणी म्हणेल का? शेड मळ्यात असेल तर जास्त काळजी घ्या. शेतीची लाईन पाळीने, दिवसातले काही तासच येते. ब्रूडिंगचे पहिले दोन आठवडे तरी पिल्लं घरच्या लाईनवर ठेवा, मग घरातली एक खोली रिकामी करावी लागली तरी चालेल. इन्व्हर्टर असेल तर नवी, पूर्ण चार्ज झालेली 150 एएचची बॅटरी 200 वॅटचा भार साधारण पाच तास ओढते. घरातला पंखा आणि टीव्ही त्याच्यावरच असेल तर त्याहून कमी.

इन्व्हर्टर नसेल तरी सोय करता येते. पाच लिटरच्या दोन-तीन कॅनमध्ये कडक गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून पिल्लांच्या मधे ठेवा, आणि वरून गोणपाटाचं अर्धं झाकण घाला. दोन-तीन तास निघतात. कोळशाची शेगडी बरेच जण वापरतात. वापरायची तर बाहेर पेटवून, कोळसा लाल झाल्यावरच आत आणा, आणि पडदा वरून उघडा ठेवा. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि तो पिल्लांसकट राखणीला झोपलेल्या माणसालाही मारतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपायचं नाही म्हणजे नाही.

गोल रिंगण आणि गादी

पिल्लांना मोकळ्या शेडमध्ये सोडायचं नसतं. दीड फूट उंचीच्या पत्र्याचं किंवा जाड पुठ्ठ्याचं गोल रिंगण करायचं, त्याला चिक गार्ड म्हणतात. 100 पिल्लांना सुरुवातीला पाच फूट व्यासाचं पुरतं. गोलच का? थंडी वाजली किंवा दचकली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. गोलाला कोपरा नसतो, एवढंच त्याचं कारण.

खाली दोन-तीन इंचांची कोरडी गादी. पुस्तकात भाताचं तूस लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे भात कुठं? शेंगांची टरफलं किंवा सॉ मिलमधला लाकडाचा जाडसर भुसा वापरा. अगदी बारीक, पिठासारखा भुसा नको, पिल्लं तो खातात आणि नाकातही जातो. पहिले दोन-तीन दिवस गादीवर कागद अंथरा, म्हणजे पिल्लं भुशाला दाणा समजत नाहीत. वर्तमानपत्र ओलं झालं की निसटतं आणि पाय फाकतात, म्हणून ते रोज बदला. खोक्याचा खरखरीत पुठ्ठा मिळाला तर आणखी चांगलं.

पडद्याला खताच्या रिकाम्या गोण्या शिवून घ्या. पडदा खालून बांधायचा आणि वरून उघडायचा. म्हणजे पिल्लाच्या अंगावर वारं येत नाही आणि विष्ठेचा उग्र वायू वरून निघून जातो. सगळं घट्ट बंद करून ठेवलं तर तुमच्याही डोळ्याला पाणी येईल. शेडमध्ये आधी कोंबड्या होत्या का? मग जुनी गादी पूर्ण काढून, धुऊन, चुना मारून किमान दोन आठवडे शेड रिकामं ठेवा.

आणि जाळी. अर्ध्या इंचाचीच. एक इंचाच्या जाळीतून उंदीर, घूस आणि साप सहज आत येतात. घरातलं मांजर कितीही लाडकं असलं तरी या खोलीपासून लांब.

दाणा, पाणी, औषध

100 पिल्लांना लिटर-दोन लिटरची पाण्याची दोन भांडी आणि दाण्याचे दोन पसरट ट्रे पुरतात. उघड्या परातीत पाणी ठेवू नका, पिल्लू भिजलं की गारठून मरतं. भांडी बल्बच्या बरोबर खाली ठेवायची नाहीत. पाणी तापलं की पिल्लं पीत नाहीत.

खाद्य पहिल्या आठवड्याला साधारण 7 ते 10 किलो लागतं. पहिल्या दिवशी कागदावर मक्याचा बारीक भरडा टाका, मग चिक स्टार्टर. "आमच्याकडं बाजरी आहे, ज्वारीची कणी आहे, खाद्य कशाला विकत घ्यायचं?" असं बरेच जण म्हणतात. मोठ्या कोंबडीला ते चालतं. या वयात पिल्लाला प्रथिनं जास्त लागतात, ती नुसत्या धान्यात नाहीत. पिल्लं मरणार नाहीत कदाचित, पण वाढ बसते आणि बॅच विक्रीला उशिरा येते.

लसीचं आधीच ठरवून ठेवा. मरेक्सची लस पहिल्याच दिवशी हॅचरीत देतात. ती दिली का, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीसाठी लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो. लस बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणायची. दुकानदाराने पिशवीत टाकून दिली आणि तुम्ही भर उन्हात गाडीला अडकवून आणली तर ती लस राहत नाही. बाटली एकदा फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते आणि बाटलीत डोस बरेच असतात. म्हणून गावातल्या दोघा-तिघांनी एकाच आठवड्यात पिल्लं टाकली तर एक बाटली सगळ्यांना पुरते. पुढचं वेळापत्रक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून आणा.

घरी कोण असणार?

सामानाच्या यादीत हे कुणी लिहीत नाही, पण आपल्या जिल्ह्यात ते पहिलं लिहायला पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर घरचा कोयता ऊसतोडीला गेला, मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहिली. अशा घरात डिसेंबरात पिल्लं टाकायची? रात्री कडाक्याची थंडी, दर तीन तासांनी उठून बघायचं, लाईट गेली की पाणी तापवायचं. आजीच्या गळ्यात हे घालू नका.

माझं मत विचाराल तर पाडव्याच्या सुमारास माणसं गावी परत येतात, तेव्हा पहिली बॅच टाका. मार्चअखेरची हवा उबदार असते, बल्ब कमी तास लागतो. आणि तीन महिने पुढं मोजा, आखाड येतो. गावरान कोंबडीला आपल्याकडे वर्षातली चांगली मागणी आखाडात असते, श्रावण लागला की ती एकदम बसते. तेवढं पंचांग बघा. अधिक महिना आला की आखाड पुढं जातो, मग बॅचही तेवढी पुढं न्या.

उन्हाळ्याच्या बॅचमध्ये धोका प्रवासाचा असतो. छत्रपती संभाजीनगरला पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, खासगी हॅचऱ्याही आहेत. तिथून बीडपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या वर अंतर पडतं, अंबाजोगाई-परळीला आणखी लांब. दुपारी दोनला जीपच्या टपावर बॉक्स बांधून आणाल तर घरी पोहोचेपर्यंत निम्मी पिल्लं माना टाकतील. पहाटे निघा. बॉक्सवर बॉक्स रचलात तर मधे पट्टी टाकून हवेला जागा ठेवा.

बॉक्स आला, आता?

ब्रूडर आदल्या दिवशीच चालू करून ठेवायचं. हवाच नाही, तर गादीसुद्धा गरम झाली पाहिजे, पिल्लू पोटानं तिच्यावर बसतं. पाणी आधी भरून ठेवा, म्हणजे ते कोमट होतं. पहिल्या पाण्यात थोडा गूळ, किंवा पाकिटावरच्या मापाने इलेक्ट्रोलाइट पावडर. एकेक पिल्लू मोजत, त्याची चोच पाण्यात बुडवून सोडा. काही पिल्लांना पाणी दाखवलं की कळतं, बाकीची त्यांचं बघून शिकतात. दाणा त्यानंतर दोन-तीन तासांनी.

मग रिंगणाजवळ स्टूल घेऊन बसा आणि बघा. सगळी बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करतायत? थंडी आहे, बल्ब खाली घ्या. बल्बपासून लांब, कडेला, चोच उघडून धापा टाकतायत? गरम होतंय, बल्ब वर घ्या. एकाच बाजूला दाटलीत? दुसऱ्या बाजूनं वारं येतंय, पडदा तपासा. सगळीकडे सारखी पसरून कुणी खातंय, कुणी झोपलंय, असं दिसलं की तापमान बरोबर आहे.

रात्री झोपायच्या आधी दहा-बारा पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी बोटानं चाचपा. मऊ आणि भरलेली लागली तर दाणा-पाणी दोन्ही पोटात गेलंय. कडक लागली तर दाणा खाल्लाय पण पाणी सापडलेलं नाही, भांडी जवळ आणा. रिकामी लागलेली पिल्लं बाजूला घेऊन पुन्हा पाणी पाजा.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, आपल्याच्यानं होणार नाही. तसं वाटत असेल तर एक दिवसाची पिल्लं घेऊच नका. महिनाभर वाढवलेली, लसी झालेली पिल्लं विकत मिळतात. नगाला जास्त पैसे पडतात, पण मरतूक कमी आणि ऊब द्यायची कटकट जवळजवळ संपलेली. सरकारी योजनेतही दोन्ही प्रकार असतात, 100 एकदिवसीय पिल्लांचा गट आणि तलंगांचा गट. यंदा अर्ज सुरू आहेत का, हे पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा, आणि ब्रूडरची सोय नसेल तर तलंगाच मागा. उलट ज्याचा ब्रूडिंगवर हात बसला, त्याच्यासाठी महिन्याची पिल्लं तयार करून गावातल्यांना विकणं हाच वेगळा धंदा आहे. त्यात भांडवल महिन्यातच सुटतं, तीन महिने अडकून पडत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून रिंगण दर दोन दिवसांनी थोडं थोडं वाढवत न्या, पिल्लं झपाट्यानं मोठी होतात. कागद काढून टाका, पण गादी रोज हातानं हलवा आणि भांड्याखालची ओली जागा काढून तिथं कोरडा भुसा टाका. ओल्या गादीतून रक्ती हगवण येते, ती साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दिसायला लागते. तोवर लासोटा झालेली असते, आणि माणूस नेमका तेव्हाच निर्धास्त झालेला असतो.