घरची बिअर आणि पहिल्या खेपेचे धडे

घरी बिअर कशी करतात हा विषय व्याख्यानमालेत यावा, याचे येडगावच्या कित्येक श्रोत्यांना नवल वाटेल. म्हणून एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि तो करावा असे आम्ही कोणास सुचवीत नाही. पण इंग्लंडात १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तशी मुभा मिळाली. तिकडे गेलेल्या आपल्या मुलांपुढे हा छंद सहज येतो. शेजारच्या नारायणगावी १९८० च्या दशकात द्राक्षांपासून वाइन होऊ लागली, पुण्यात २००९ साली दूलालीची छोटी बिअरशाळा निघाली. तेव्हा आंबवण्याचे हे शास्त्र आपल्यापासून फार दूरचे नाही.

आपल्या घरी नाचणीचे सत्त्व करतात, त्याच रीतीने बिअरचा आरंभ होतो. सातू भिजवून त्याला मोड आणायचे आणि तो वाळवून भरडायचा. हा भरडा सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात तासभर ठेवला, की मोडांत निर्माण झालेली द्रव्ये पिठाची साखर करतात. तो गोड रस गाळून, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून, तासभर उकळतात. नंतर निववून त्यात किण्व, म्हणजे यीस्ट, सोडतात. पुढचे काम यीस्टचे. ते साखर खाते आणि मद्यार्क व कर्बवायू निर्माण करते.

पहिली खेप बहुधा येथूनच बिघडते. पूर्वी बिअर आंबट झाली की लोक दैवाला बोल लावीत. लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की हा उपद्रव परक्या सूक्ष्म जंतूंचा असतो. भांडे डोळ्यांना स्वच्छ दिसले म्हणजे ते जंतुरहित झाले असे नव्हे. रस उकळून निवल्यावर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू, नळी, झाकण, पळीसुद्धा, निर्जंतुक केलेली हवी.

दुसरी चूक उष्णतेची. कढत दुधात विरजण घातले तर दही लागत नाही. कढत रसात यीस्टही तसेच मरते. नेहमीच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. आपल्याकडच्या वैशाखात उघड्यावर ठेवलेला रस जोरात आंबेल खरा, पण त्याला उग्र वास व चव येईल.

तिसरी चूक उतावळेपणाची, आणि ती धोक्याची आहे. फेस बसला म्हणजे आंबणे संपले, असे नवशिक्याला वाटते. तो बाटल्या भरून बुचे मारतो. आत साखर उरलेली असली तर वायू कोंडतो आणि बाटली फुटून काचा उडतात. डेअरीवर दुधाला लावतात तसलेच घनतामापक येथे लागते. आरंभी १.०५० असलेला काटा १.०१० च्या आसपास येऊन दोनतीन दिवस स्थिर राहिला, तरच बाटल्या भराव्यात. याला एक ते दोन आठवडे लागतात.

या तिन्ही चुकांवर उपाय एकच: वही. तारीख, उष्णता, घनता आणि चव लिहून ठेवली, तर बिघडलेली खेप पुढच्या खेपेला उपयोगी पडते. न लिहिता दहा खेपा केल्या, तरी माणूस पहिल्याच खेपेशी उभा असतो.

येडगावात याचा अभ्यास कायदा न मोडता करता येईल. नाचणीची आंबील दोन भांड्यांत लावावी. एक सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे, दुसरे उबेत. दर चार तासांनी वास, चव आणि उष्णता वहीत टिपावी. दोन दिवसांत वाचणाऱ्यास कळून येईल, की आंबवणे हा नशिबाचा खेळ नसून राखणीचे काम आहे.