सह्याद्री झिजतो कसा?

कळसूबाईच्या वाटेवर आजूबाजूचे कडे जरूर न्याहाळावेत. खडकांचे थर जवळजवळ आडवे, एकावर एक रचलेले दिसतात. सह्याद्रीच्या जन्माची कथा याच थरांत आहे.

गैरसमज: सह्याद्रीही हिमालयासारखा जमिनीला वळ्या पडून उंचावला, त्यातले सुळके म्हणजे विझलेले ज्वालामुखी.

वस्तुस्थिती: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे मुख्यतः जमिनीच्या लांबलचक भेगांमधून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. मग त्यावर पुढचा थर. वळ्या पडल्या असत्या तर हे थर आडवे राहिलेच नसते. सह्याद्री म्हणजे दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची कड. भूकवचाच्या हालचालींनी पठार उंचावले खरे, पण डोंगरांना आजचा आकार दिला तो झिजेने. कोकणात उतरणाऱ्या आखूड, वेगवान नद्यांनी ही कड कुरतडत पूर्वेकडे मागे सारली. १६४६ मीटरचे कळसूबाई शिखर आणि बहुतेक सुळके हे आजूबाजूचा खडक वाहून गेल्यावर उरलेले तुकडे आहेत. लाव्हा ज्यातून उसळला ती तोंडे नव्हेत.

गैरसमज: कातळ कोरायला नुसते पाणी पुरते.

वस्तुस्थिती: निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहावेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरत तळ घासतात. खळगा खोल होतो, गोटाही झिजतो.

गैरसमज: दरड कोसळते ती केवळ त्या दिवशीच्या पावसामुळे.

वस्तुस्थिती: तयारी हजारो वर्षे चाललेली असते. हवा आणि पाण्यामुळे बेसॉल्टमधली, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकातली, खनिजे बदलतात. कातळाचा मुरूम होतो, मुरमाची माती. उतारावर हा सैल थर साचत जातो. मुसळधार पावसात त्याच्या फटी पाण्याने भरतात, वजन वाढते, कणांची एकमेकांवरची पकड सुटते. घरासाठी, रस्त्यासाठी उताराचा पायथा कापला असेल तर आधारही जातो. ३० जुलै २०१४ ला माळीण गावात अशाच दरडीखाली दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. नंतर २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. ही दुःखे केवळ नशिबाच्या खात्यावर टाकणे मला मान्य नाही, कारण डोंगर अनेकदा आधी खुणा देतो.

घाटातल्या गावकऱ्यांनो, पावसाळ्यात वरच्या उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडे वा खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर सकाळची वाट पाहू नका. घरातल्या सगळ्यांना घेऊन उतारापासून दूर जा आणि लगेच तहसील कार्यालयाला कळवा.