हशा कुणाच्या बोलीवर?

‘गॉन विथ द विंड’मधील मोलकरणीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला १९४० मध्ये ऑस्कर मिळाले, परंतु त्याच समारंभात तिला सहकलाकारांपासून दूर, निराळ्या टेबलाशी बसविण्यात आले. भूमिका देणारी आणि पायरी दाखविणारी व्यवस्था एकच होती.

मराठी पडद्यावर हे काम पुष्कळदा बोलीकडून करून घेतले जाते. नायकाने प्रमाण मराठीत बोलावे. गडी, हवालदार, विदूषक यांनी गावरान. बाळापूरच्या बाजारात जिच्यात सौदा ठरतो, सोयरीक जुळते, दुःखितांचे सांत्वन होते, ती वऱ्हाडी पडद्यावर येते ती बहुधा हशा पिकविण्यापुरती. (हसण्यात वऱ्हाडी प्रेक्षकही मागे नसतो, हे मान्य केलेच पाहिजे.) वस्तुतः ‘लीळाचरित्र’ हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ याच वऱ्हाडातील रिद्धपुरास सिद्ध झाला!

‘सैराट’ने २०१६ मध्ये करमाळ्याकडची बोली प्रत्यक्ष नायिकेच्या मुखी घातली, आणि प्रेक्षकांनी तिच्या करारी बोलण्याला टाळ्या दिल्या. वऱ्हाडीच्या वाट्याला असा मान क्वचितच आला आहे. तोवर बाळापूरचा विद्यार्थी पुण्याच्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात ‘मले’, ‘तुले’ गिळावयास शिकतो.