डेंग्यू विषाणू

डेंग्यू ज्वरास कारणीभूत होणारा व डासांमार्फत पसरणारा विषाणू. त्याचा समावेश फ्लॅव्हिव्हिरिडी कुलात होतो. पीतज्वर, जपानी मस्तिष्कशोथ, झिका व क्यासनूर वनज्वर यांचे विषाणू त्याचे निकटचे नातलग होत. हा विषाणू मुळात वनातील वानरे व वृक्षवासी डास यांच्यात राहणारा होता, असे त्याच्या आनुवंशिक वंशावळीवरून दिसते. आज मात्र तो मुख्यत्वे मानवी वस्तीचा झाला असून माणसाच्या दळणवळणाबरोबर प्रवास करतो. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीसारख्या वनप्रदेशातील त्याच्या प्रसाराचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

संरचना व आनुवंशिक द्रव्य : विषाणुकण गोलाकार असून त्याचा व्यास सु. ५० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १ मिलिमीटरचा दशलक्षांश) असतो. त्यात रिबोन्यूक्लिइक अम्लाचा (आरएनएचा) एकच धागा असतो. सु. १०,७०० न्यूक्लिओटाइडांच्या या धाग्यावरून प्रथम एक दीर्घ प्रथिन तयार होते व त्याचे तुकडे होऊन दहा प्रथिने बनतात. त्यांपैकी तीन कणाच्या बांधणीसाठी, तर सात कोशिकेत (पेशीत) विषाणूची वाढ होण्यासाठी उपयोगी पडतात. बांधणीच्या प्रथिनांतील आवरण-प्रथिनाच्या साहाय्याने विषाणू कोशिकेस चिकटतो. शरीरात निर्माण होणारी संरक्षक प्रतिपिंडेही मुख्यत्वे याच प्रथिनाविरुद्ध असतात. एनएस१ हे प्रथिन रुग्णाच्या रक्तात उतरत असल्याने रोगनिदानास उपयुक्त ठरते. धाग्याची नक्कल करणाऱ्या एनएस५ या प्रथिनात झालेली चूक तपासून दुरुस्त करण्याची सोय नसते. त्यामुळे नव्या प्रतींत लहानलहान उत्परिवर्तने साचत जातात. निरनिराळ्या ठिकाणच्या विषाणूंतील अशा फरकांची तुलना करून कोणता विषाणू कोठून आला, हे ठरविता येते.

प्रकार : १९४३ साली होत्ता व किमुरा यांनी जपानमध्ये हा विषाणू प्रथम अलग केला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अल्बर्ट सेबिन यांनी त्याचे दोन भिन्न प्रकार दाखवून दिले. फिलिपीन्समधील मनिला येथे १९५६ साली हॅमन व त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी दोन प्रकार आढळले. या चार प्रकारांच्या प्रथिनांतील सु. एकतृतीयांश अ‍ॅमिनो अम्ले परस्परांहून भिन्न असतात. प्रत्येक प्रकाराचे पुन्हा अनेक जनुकप्रकार आहेत.

एका प्रकाराचा संसर्ग झाल्यास त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ प्रतिकारक्षमता मिळते. इतर प्रकारांपासून मिळणारे संरक्षण मात्र काही महिनेच टिकते. त्यानंतर दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाला, तर जुनी प्रतिपिंडे त्या विषाणूस चिकटतात. पण त्यास निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट अशा विषाणूचा श्वेत कोशिकांत प्रवेश सुलभ होतो व रोग अधिक तीव्र होण्याचा संभव वाढतो. क्यूबात १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली. १९८१ साली दुसरा प्रकार आला, तेव्हा ३,४४,२०३ रुग्णांपैकी १०,३१२ जणांना तीव्र स्वरूपाचा रोग झाला व १५८ मृत्युमुखी पडले.

जनुकप्रकारानेही फरक पडतो. पेरूतील इकितोस येथे १९९५ साली दुसऱ्या प्रकाराचा ‘अमेरिकन’ जनुकप्रकार पसरला. पूर्वी पहिल्या प्रकाराचा संसर्ग झालेले लोक तेथे पुष्कळ असूनही रक्तस्रावी डेंग्यू उद्‌भवला नाही. पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या (१९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापना, १९७८ पासून सध्याचे नाव) संशोधकांनी १९५६–२००५ या काळातील भारतीय नमुने तपासले. त्यांत १९७१ पर्यंतचे दुसऱ्या प्रकाराचे विषाणू याच ‘अमेरिकन’ जनुकप्रकाराचे असून पुढे त्यांची जागा ‘कॉस्मोपॉलिटन’ जनुकप्रकाराने घेतल्याचे आढळले. १९९६ साली दिल्लीत दुसऱ्या प्रकाराची मोठी साथ येऊन चारशेहून अधिक लोक दगावले. पुण्यातच २००९-१० मध्ये चौथा प्रकार आढळला. त्यापूर्वी अनेक वर्षे तो भारतात क्वचितच दिसला होता.

प्रसार : ईडिस ईजिप्ताय ही डासाची जाती विषाणूची प्रमुख वाहक असून ईडिस अल्बोपिक्टस ही दुय्यम होय. रुग्णाचे रक्त शोषल्यानंतर साधारणतः ८–१२ दिवसांनी मादी संसर्गक्षम होते व मरेपर्यंत तशीच राहते. ती दिवसा चावते आणि रांजण, पिंपे, टाक्या, टाकाऊ टायर, करवंट्या यांतील साचलेल्या पाण्यात अंडी घालते. ही अंडी कोरड्या स्थितीत कित्येक महिने टिकतात. डास स्वतः सहसा काहीशे मीटरांपलीकडे जात नाही. त्यामुळे विषाणूचा दूरचा प्रवास संसर्ग झालेल्या माणसाबरोबर, तर डासाच्या अंड्यांचा प्रवास टायर-पिंपांबरोबर होतो.

एटापल्ली परिसर : चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ साली गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील छत्तीसगडला लागून असलेला एटापल्ली हा घनदाट वनांचा व मुख्यत्वे माडिया गोंडांच्या वस्तीचा तालुका होय. येथील जुना रोग हिवताप असून गडचिरोली हा राज्यातील सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्हा आहे. हिवतापाचे अ‍ॅनॉफेलिस डास ओढे-नाल्यांच्या व शेतांतील पाण्यात वाढतात आणि रात्री चावतात. डेंग्यूचा डास मात्र घराच्या अंगणातला असतो. मलेशिया व पश्चिम आफ्रिका येथील वनांत वानर व डास यांच्यामध्ये डेंग्यूचे वन्य चक्र आढळते. भारतात तसे चक्र निश्चितपणे सिद्ध झालेले नाही. याबाबतीत डेंग्यू हा क्यासनूर वनज्वराहून वेगळा ठरतो. कारण वनज्वराचा विषाणू वनातील गोचिडांमार्फत पसरतो. म्हणून वनातील गावी डेंग्यू आढळल्यास त्याचा माग वनात न घेता बाजार, मजुरीसाठी होणारे स्थलांतर व वाहतूक यांत घ्यावा लागतो. सुरजागड येथील लोहखनिजाच्या खाणीमुळे २०२१ नंतर या तालुक्यातील अवजड वाहतूक पुष्कळ वाढली आहे.

या फरकास व्यावहारिक महत्त्व आहे. रात्री वापरावयाची कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी हिवतापावर गुणकारी असली, तरी दिवसा चावणाऱ्या डासापासून तिचे संरक्षण अपुरे पडते; साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करणे आवश्यक असते. तसेच दोन्ही रोगांची सुरुवात तापानेच होते. हिवतापाची चाचणी नकारात्मक आल्यास डेंग्यूची शक्यता तपासावी लागते. दोन्ही रोग एकाच वेळी होऊ शकत असल्याने ती सकारात्मक आली, तरी डेंग्यू नाही, असे ठरत नाही. पहिल्या काही दिवसांत एनएस१ चाचणी व पाचव्या दिवसानंतर आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते. विषाणूचा प्रकार प्रयोगशाळेतील जनुकीय तपासणीने कळतो.

डेंग्यूत सर्वांत धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरू लागताना येतो. रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरून रुग्णाचा रक्तदाब एकाएकी खालावू शकतो. ताप गेला म्हणून रुग्ण बरा झाला, असे घरच्यांस वाटते. त्याच सुमारास पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे किंवा अतिशय ग्लानी दिसल्यास त्यास तातडीने रुग्णालयात नेणे अवश्य असते. पावसाळ्यात नाल्यांच्या पुरामुळे गावांचा संपर्क तुटतो, अशा भागात हा एक-दोन दिवसांचा अवधी निर्णायक ठरतो. उपचार न मिळाल्यास तीव्र डेंग्यूत शंभरांत वीसपर्यंत रुग्ण दगावू शकतात. शिरेवाटे योग्य प्रमाणात द्रव दिल्यास हे प्रमाण एकाहून कमी होते. तापासाठी पॅरासिटामॉल देतात. रक्तस्रावाचा धोका वाढत असल्याने अ‍ॅस्पिरीन व आयबुप्रोफेन टाळतात.

प्रतिबंधाचे नवे उपाय : चारही प्रकारांविरुद्ध एकाच वेळी समतोल प्रतिकारक्षमता निर्माण करणे ही लस तयार करण्यातील मुख्य अडचण होय. २०१५ साली प्रथम मान्यता मिळालेली लस पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना दिल्यास पुढील संसर्ग तीव्र होण्याचा धोका वाढतो, असे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. भारतात एका मात्रेच्या चतुष्प्रकारी लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०२४ साली सुरू झाली. वोल्बाकिया हा सूक्ष्मजंतू अंगी असलेले डास सोडल्याने इंडोनेशियातील योग्यकर्ता येथे रोगाचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. साठविलेल्या पाण्यातील डासांची पैदास रोखणे व ताप उतरताना रुग्णावर लक्ष ठेवणे हे उपाय मात्र कोणत्याही गावी अंमलात आणता येण्याजोगे आहेत.